रिकाम्या जागा भरा

सातवीच्या सहामाही परीक्षेत 'सिंहगडची लढाई' यावर टीप लिहा, असा तीन गुणांचा प्रश्न आला होता. इतर मुलींनी तो सहा-सात ओळींत उरकला. मी त्यासाठी पुरवणी घेतली. वाचनालयातून आणलेले एक पुस्तक मी नुकतेच दोनदा वाचून काढले होते आणि त्यातले सारे डोक्यात ताजे होते. सती निघालेली कमलकुमारी, तिला पळवून कोंडाण्यावर आणणारा उदेभान, कड्याला चिकटलेली घोरपड, कापून टाकलेले दोर असे काहीही न गाळता मी दीड पान लिहिले. पेपर हाती आला तेव्हा कमलकुमारीच्या नावाभोवती लाल शाईचा गोल होता आणि समासात बाईंनी लिहिले होते, 'ही कोण?' तीनपैकी अर्धा गुण.

मी पेपर घेऊन बाईंकडे गेले. बाई रागावल्या नाहीत. "अगं, हे पुस्तकातलं आहे, इतिहासातलं नाही," एवढेच म्हणाल्या आणि पुढच्या मुलीचा पेपर हातात घेतला. ते वाक्य मला कळलेच नाही. कारण आमच्या घरी पुस्तकातले आणि खरे यांत तोवर काही फरक नव्हता. अण्णा बाजार समितीत हमाल आहेत, आई मळ्यात भांगलायला जाते. दोघांचीही शाळा चौथीच्या आत सुटली. घरात छापील कागद म्हणजे विजेचे बिल, दिनदर्शिका आणि माझी पुस्तके. या तिन्हींत खोटे काही असू शकते ही कल्पनाच कुणाला नव्हती. संध्याकाळी मी झालेली हकिगत सांगितली तेव्हा अण्णा म्हणाले, "छापलंय न्हवं? मग खोटं कसं आसंल? खोटं छापत्यात व्हय?" त्यांच्या दृष्टीने चूक बाईंचीच होती आणि उरलेले अडीच गुण मला मिळायला हवे होते.

आज मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि इतिहास हा माझा आवडता विषय आहे. त्या अडीच गुणांचा हिशेब अजून माझ्या मनात पुरा झालेला नाही. मुलांच्या हाती पडणाऱ्या ऐतिहासिक साहसकथांत आणि रहस्यकथांत खरे किती असते, रचलेले किती असते आणि रचलेले असले तर बिघडते काय, हे मी माझ्यापुरते तपासून पाहिले. तेच या लेखात मांडते. काही चुकले तर प्राध्यापकांनी लाल गोल करावा, माझी तक्रार नाही.

सुरुवातीला एक साधी अडचण सांगते. साहसकथा वाचताना 'पुढे काय होणार?' या एका प्रश्नावर आपण पाने उलटत असतो. पण ऐतिहासिक कथेत पुढे काय होणार हे तर चौथीतल्या मुलालाही ठाऊक असते. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला आहे, पाऊस कोसळतो आहे, १६६० सालचा जुलै महिना आहे. यात महाराज सुटणार की नाही अशी शंका कुणाच्याही मनात येत नाही. आपण जयसिंगपूरची माणसे तर शाळेच्या सहलीत पन्हाळा पाहून आलेलो असतो, बाजीप्रभूंच्या पुतळ्यासमोर रांगेत उभे राहून फोटो काढलेले असतात. मग धडधड कशाची?

ती धडधड आणण्याची युक्ती जुनी आहे. स्कॉटलंडात १८१४ साली वॉल्टर स्कॉट याने 'वेव्हर्ली' ही कादंबरी काढली आणि ऐतिहासिक कादंबरीचा एक नमुनाच घालून दिला. राजे, सेनापती, लढाया खऱ्या, पण त्यांच्या मागे लेखकाला नको तितके जायचे नाही. पुढे ठेवायचा एखादा सामान्य तरुण, ज्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. राजाचे काय झाले ते आपल्याला माहीत असते. या तरुणाचे काय होईल ते मात्र माहीत नसते. तो मरेलही, फितूरही होईल, त्याचे प्रेम फसेलही. सगळी उत्कंठा त्याच्या खांद्यावर.

मराठीत ही वाट पहिल्यांदा पाडली ती रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी. ते बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीचे, म्हणजे तसे आपल्याच मुलखातले. त्यांची 'मोचनगड' ही कादंबरी १८७१ सालची, 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून आलेली, आणि मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचे नाव अभ्यासक्रमात येते. अभ्यासक्रमात येते म्हणून आपण ते पाठ करतो आणि विसरतो. पण मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. काळ शिवाजी महाराजांचा आहे, पण मोचनगड नावाचा किल्ला नकाशात कुठेच नाही. गुंजीकरांनी तो बांधला तो कागदावर. आपल्या कल्पनेतल्या माणसांना राहायला त्यांनी आपल्या कल्पनेतलाच गड दिला, दुसऱ्या कुणाच्या खऱ्या गडात त्यांना घुसवले नाही. यात मला मोठा प्रामाणिकपणा दिसतो. मोचनगडाबद्दल कुणी पेपरात लिहिले असते तर निदान नकाशा पाहून तरी सावध झाले असते.

हरिभाऊ आपटे यांनी पुढे तसे केले नाही. त्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले, त्यातून 'उषःकाल' आली आणि १९०३ साली 'गड आला पण सिंह गेला'. ही पुस्तके त्यांनी मुलांसाठी लिहिलेली नाहीत. पण मुलांनी ती पळवली. मागाहून त्यांचे संक्षेप निघाले, मोठ्या टाइपात, पानोपानी चित्रे घालून, आणि असलाच एक संक्षेप माझ्या हाती पडला होता. नाथमाधवांचेही तसेच झाले. स्वराज्याच्या स्थापनेपासून दुफळीपर्यंत त्यांनी कादंबऱ्यांची मालिकाच लिहिली. हे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, तरुणपणी शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखाली पंगू झाले. ज्या माणसाला पुन्हा गड चढता आला नाही त्याने बसल्या जागी पोरांना इतके गड चढवले, ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही कादंबरीहून मला अधिक खरी वाटते. गो. नी. दांडेकर याच्या अगदी उलट. ते आयुष्यभर पायांनी गड फिरले. त्यांच्या वर्णनात वाट कुठे निसरडी आणि पाणी कुठल्या टाक्यात हे बरोबर असते. 'बालबोध', 'आनंद' आणि नंतर बालभारतीचे 'किशोर' या मासिकांनी या कथा घरोघर नेल्या. 'किशोर' १९७१ पासून निघते, आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचता येतात. मला अशी मासिके असतात हेच मुळी नववीत कळले.

आता माझ्या कमलकुमारीकडे येते.

गेल्या वर्षी इतिहासाच्या सरांनी मला सभासदाची बखर वाचायला दिली. कृष्णाजी अनंत सभासद याने ती १६९७ साली जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. म्हणजे तानाजी मालुसरे पडले त्या ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीनंतर सत्तावीस वर्षांनी. ती रात्र आठवणारी माणसे तेव्हा हयात असणार. बखरीत सिंहगडचा मजकूर अगदी थोडा आहे, आपल्या वहीचे पान दीड पान. मी तो बोट ठेवून वाचला. तानाजी आहेत. उदेभान आहे. दोघे एकमेकांशी लढून दोघेही पडले, मग सूर्याजीने लढाई सावरली, हेही आहे. कमलकुमारी नाही. ती सबंध हरिभाऊंच्या डोक्यातून आलेली आहे.

घोरपडही नाही. घोरपड पोवाड्यातली. सभासद सांगतो ते असे की दोन चांगले मावळे निवडून रात्री कड्यावरून वर चढवले, ते माकडासारखे चढले, मग वरून माळ, म्हणजे दोराची शिडी लावली आणि बाकीची माणसे चढून गेली. आणखी एक धक्का मला बसला तो कादंबरीच्या नावाचाच. गड आला पण सिंह गेला, म्हणून कोंडाण्याचे नाव सिंहगड पडले असे आपण सगळेच सांगतो. पण लढाईच्या सात वर्षे आधीच्या, १६६३ सालच्या पत्रात सिंहगड हे नाव आढळते. सभासदाच्या बखरीत महाराज दुःखाने म्हणतात ते एवढेच, की एक गड मिळवला पण दुसरा गमावला. तेथे सिंह नाही. माणसालाच गड म्हटले आहे. खरे सांगायचे तर मला हे अधिक चांगले वाटले.

मग हरिभाऊंनी खोटे लिहिले का? मी बरेच दिवस असेच समजत होते आणि त्यांच्यावर थोडी रुसलेही होते. पण ते कादंबरी लिहीत होते, आणि कादंबरी म्हणूनच त्यांनी ती छापली. ज्यांच्या घरी चार पुस्तके असतात त्यांना कादंबरी म्हणजे काय हे कुणी सांगावे लागत नाही. ते हवेतून कळते. माझ्या घरी ती हवा नव्हती. संक्षेप काढणाऱ्यांनी मात्र एक पान जास्त घालायला हवे होते, यातली ही माणसे खरी, ही कल्पित, असे. त्या एका पानाचा खर्च फार नाही. ते नसले की काय होते पाहा. जानेवारी २०२० मध्ये तानाजींवरचा हिंदी चित्रपट आला. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी तो पाहिला. त्यात उदेभानाने पळवून आणलेली कमल नावाची रजपूत स्त्री होतीच. म्हणजे १९०३ साली पुण्यात लिहिलेले एक कल्पित पात्र एकशे सतरा वर्षांनी मुंबईच्या पडद्यावर इतिहास म्हणून चालते. मी शेजारी बसलेल्या मैत्रिणीला कुजबुजून म्हटले, "ही खरी नव्हती." ती म्हणाली, "गप गं, सगळ्यांना ठाऊक आहे ती."

परीक्षेत 'रिकाम्या जागा भरा' असा एक प्रश्न असतो. माझ्या मते ऐतिहासिक साहसकथा लिहिणाऱ्याचे काम तेच आहे. बखरी, पत्रे, शकावल्या यांत जागोजाग रिकाम्या जागा आहेत. त्यांत काय बसेल ते लेखकाने शोधावे. पण जिथे छापील शब्द आधीच आहे, तो खोडून वर आपला शब्द लिहायचा नाही. सिंहगडच्या हकिगतीत रिकामी जागा कुठे आहे? जे दोन मावळे सर्वांच्या आधी कडा चढले, त्यांची नावे सभासदाने दिलेली नाहीत. अंधार, थंडी, हाताला कातळ, वर पहारा. खाली सारी फौज श्वास रोखून उभी. हे दोघे कोण? कुठल्या गावचे? त्यांना कड्याची वाट कशी ठाऊक? पुढे लढाईत ते वाचले का? इथे एक सबंध कादंबरी मावते, आणि तिला एकही कागद खोटा ठरवणार नाही. एवढी मोठी जागा रिकामी सोडून दोन-अडीचशे वर्षे आपण घोरपडीच्याच मागे लागलो आहोत.

आणि कधी कधी तर काही भरायचीही गरज नसते. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद याने अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. साठ! आमच्या कॉलेजच्या एका वर्गात तेवढी मुले बसतात. रात्री कड्याच्या बाजूने चढून वर गेले आणि एकदम रणवाद्ये वाजवून अशी गडबड उडवली की गडावरच्या लोकांना मोठे सैन्य शिरले असे वाटले. हे कुणा कादंबरीकाराने रचलेले नाही. जयराम पिंड्ये या कवीने त्याच काळात 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' नावाचे संस्कृत काव्य या मोहिमेवर लिहून ठेवले आहे. पन्हाळा आपल्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर. तरीही मी लहानपणी वाचलेल्या पुस्तकांत कोंडाजी कुठे नव्हता. २०१८ साली त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला तेव्हा आम्हां मुलांना ते नाव कळले.

आता रहस्याकडे वळते, कारण मुलांच्या पुस्तकांच्या कपाटात साहस आणि रहस्य शेजारी शेजारीच असतात. मराठीत रहस्यकथा म्हटले की बाबुराव अर्नाळकरांचे नाव येते. हजाराहून अधिक पुस्तके त्यांनी लिहिली, झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोचवले. ती मुलांसाठी नव्हती, पण इथेही पोरांनी ती उशीखाली लपवून वाचली असे आमच्या गल्लीतले म्हातारे लोक हसून सांगतात. परंतु इतिहास आणि रहस्य यांचा खरा सांधा कसा जुळतो, ते मला परदेशी उदाहरणावरून कळले. स्कॉटलंडमध्ये १७५२ साली कॉलिन कॅम्बेल नावाच्या एका सरकारी अंमलदाराचा गोळी घालून खून झाला. त्यासाठी जेम्स स्ट्युअर्ट नावाच्या माणसाला फाशी दिले. पण गोळी कुणी झाडली हे आजवर निश्चित झालेले नाही. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८६ साली 'किडनॅप्ड' ही कादंबरी मुलांच्या साप्ताहिकात लिहिली, तेव्हा त्याने आपला कल्पित सतरा वर्षांचा पोरगा नेमका त्या खुनाच्या जागी नेऊन उभा केला. पोरगा गोळीचा आवाज ऐकतो, खुनी पळताना ओझरता पाहतो, आणि संशय त्याच्यावरच येतो. खून खरा, फाशी खरी, पोरगा रचलेला. रिकामी जागा कशी भरावी याचा याहून चांगला धडा मला सापडला नाही.

आपल्याकडे असे रहस्य नाही का? आहे, आणि इथून हाकेच्या अंतरावर आहे. कुरुंदवाडला नदीकाठी सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी म्हणून एक जागा दाखवतात. वाडीला दर्शनाला जाणारे कितीतरी लोक तिच्याजवळून जातात. ज्याच्या नावाने मोगलांच्या छावणीत धडकी भरत असे, तो सेनापती १६९७ साली शत्रूच्या हातून नव्हे, तर आपल्याच माणसांशी बेबनाव झाल्यावर, एकटा पडल्यावर मारला गेला. म्हसवडच्या नागोजी माने याने मारले असे सांगतात. तो केवळ घरगुती वैराचा सूड होता की मागे आणखी कुणाचे बोट होते, याविषयी एकमत नाही. एखादा पोरगा संताजींच्या घोड्याला पाणी दाखवायला गेला आहे आणि परत येतो तो... बस्स. एवढी सुरुवात मी माझ्या वहीत करून ठेवली आहे. पुढे सरकलेली नाही, कारण त्या काळी घोड्यांची निगा कोण ठेवी आणि कशी, हे मला आधी शोधले पाहिजे. फेणेच्या सायकलीबद्दल असा प्रश्न पडत नाही.

फेणे म्हणजे अर्थात फास्टर फेणे. भा. रा. भागवत यांनी उभा केलेला फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काडीपैलवान, आणि अडचणीतून सुटला की 'ट्टॉक' करणारा. त्याची वीस पुस्तके आहेत. तो इतिहासातला नाही, पण इतिहास त्याच्या वाटेत येतो. १९६२ च्या चिनी आक्रमणात तो सरहद्दीवर जाऊन पोचतो, एका पुस्तकात प्रतापगडावर जातो. भागवतांनी स्कॉटचीच युक्ती आपल्या काळाला लावली. घडलेल्या घटनेत न घडलेला पोरगा घातला.

हे पुस्तक आमच्या घरात कसे वाचले गेले ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला. शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्यात गेली आणि माणसे जयसिंगपुरात आली. शाळा, मंगल कार्यालये भरून गेली. मामी, तिची तीन मुले आणि आजी आमच्याकडे आली. मामा जनावरांसाठी मागे राहिला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. आमच्या दोन खोल्यांत आठ माणसे. रात्री वीज नव्हती. माझ्याकडे वाचनालयाचे एकच पुस्तक होते, फास्टर फेणेचे, आणि वाचनालय बंद असल्यामुळे ते परत करायचे नव्हते. मी ते बॅटरीच्या उजेडात मोठ्याने वाचू लागले. पहिल्या रात्री फक्त मुले ऐकत होती. दुसऱ्या रात्री आई भाकरी थापताना थांबून ऐकू लागली. तिसऱ्या रात्री मामीने विचारले, "ही फुरसुंगी कुठं आली गं?" मी म्हटले, पुण्याजवळ. आजी म्हणाली, "तितं पानी आलतं काय?"

मामीचा धाकटा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. तो मला म्हणाला, "त्येला सांग की, पप्पाला घिऊन ये म्हनावं."

मी काय बोलणार? आदल्याच वर्षी मला 'ही कोण?' असे विचारले गेले होते. फेणे खरा नाही, हे मला एव्हाना पक्के ठाऊक होते. पण मी ते सांगितले नाही. "सांगते," म्हटले आणि पुढचे पान वाचले. चौथ्या दिवशी मामा होडीतून बाहेर आला, लष्कराच्या जवानांनी आणला. धाकट्याने त्याला विचारले, "फेणेनं आनलं?" मामाला काही उलगडा झाला नाही. आम्ही सगळे हसलो आणि मामी एकदम रडू लागली. आता तो मुलगा अकरा वर्षांचा आहे. फेणे खोटा होता हे त्याला कळले आहे आणि त्याबद्दल तो माझ्याशी भांडलेला नाही. म्हणून मी कमलकुमारीवरचा माझाही राग सोडून दिला. पण पूर्ण नाही.

पूर्ण नाही, याचे कारण वेगळे आहे. या पुस्तकांतल्या मुली काय करतात, हे मी मोजत गेले. त्या बहुधा कोंडलेल्या असतात. कुणीतरी त्यांना पळवतो, कुणीतरी सोडवतो, मधल्या काळात त्या खिडकीतून बाहेर पाहतात. फेणेची बहीण माली त्यातल्या त्यात बरी, ती बरोबरीने बोलते तरी. मी लहानपणी वाचताना नेहमी मुलगाच होत असे. कडा चढणाऱ्यांत मी होते, कमलकुमारी मी कधीच नव्हते. आणि हे आपल्या कोल्हापूरच्या गादीच्या मुलखात! राजाराम महाराज १७०० साली वारले तेव्हा ताराबाई पंचवीस वर्षांच्या होत्या. तिथून सात वर्षे त्यांनी औरंगजेबासारख्या बादशहाशी लढा चालवला, १७१४ साली घरच्याच उलथापालथीत पन्हाळ्यावर मुलासह कैद झाल्या, आणि त्यातूनही पुन्हा उभ्या राहून १७६१ पर्यंत जगल्या. यात रचण्यासारखे काय शिल्लक आहे? तरी मुलांच्या कपाटात त्यांच्यावरचे पातळ, चरित्रवजा पुस्तक असते, जन्म, विवाह, मृत्यू असे. साहसकथा कमलकुमारीच्या वाट्याला जाते. ज्या मुली पुढे लिहिणार आहेत त्यांनी ही जागा रिकामी ठेवू नये, असे मला वाटते. मुलांनी लिहिले तरी चालेल, पण मग तिला खिडकीत बसवू नका.

सभासदाची बखर घरी आणली त्या रात्री मी अण्णांना सिंहगडाचा मजकूर वाचून दाखवला. जुनी भाषा त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजली. घोरपड नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटले नाही. "मलाबी वाटायचंच," ते म्हणाले. "जनावर म्हंजे काय हुक हाय व्हय?" मग जरा वेळ गप्प बसून त्यांनी विचारले, "शिडी वर न्हेली कुनी?"

मी म्हटले, तेच दोघे मावळे.

"पाठीवर? दोराच्या शिडीचं वजन किती आसतंय ठावं हाय? पन्नास हात शिडी आसली तर भिजलेल्या पोत्यावानी जड हुती. आन् कड्याला दोनी हात पायजेत. पाठीवर वजं घिऊन माकडावानी चढाय येत न्हाई."

मग त्यांनीच मला उलगडून सांगितले. दोघांनी कमरेला बारीक सुतळीचे टोक तेवढे बांधून न्यायचे. वर पोचले की सुतळी ओढायची. तिच्या खालच्या टोकाला मधला दोर बांधलेला, त्याच्या टोकाला शिडी. खालून दोघांनी ती कातळाला घासू न देता धरायची, नाहीतर आवाज होतो. वर झाड नसेल तर पहार ठोकायला लागेल, आणि पहार ठोकली तर पुन्हा आवाज. म्हणजे झाड किंवा मोठा दगड आधी हेरून ठेवलेला असणार. अडत दुकानाच्या माळ्यावर अवजड काटा चढवताना ते असेच करतात म्हणे. मी सिंहगडावरची तीन पुस्तके वाचली आहेत. शिडी वर कशी गेली, हे त्यांपैकी एकातही नाही.

मी वही काढून लिहून घेऊ लागले. अण्णांनी पाय पसरले आणि विचारले, "कडा किती हात हाय?"

ते मला सांगता येईना. दिवाळीच्या सुट्टीत सिंहगडला जाऊन यायचे असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. एस. टी. चा खर्च त्यांनी काढून ठेवला आहे, सुतळीचा गुंडा मी घेणार आहे.